बारा वाजले की सर्व्हर पडतो? आधी मेलं कोण ते बघा

उदगीरकडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: अडत दुकानांसाठी सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे रोजचे भाव दाखवणारी साईट त्याने बनवली. भाड्याचा लिनक्स सर्व्हर, ४ जीबी रॅम, आणि त्या एकाच मशीनवर अपाची (पानं पाठवणारा वेब सर्व्हर), पीएचपी (पानं तयार करणारी भाषा), मायएसक्यूएल (डेटाबेस) असं सगळं बिऱ्हाड. सकाळी ठीक चालतं. सौदा निघाला की बाराच्या सुमाराला साईट बसते. ‘संपर्क’सारखी साधी पानं सुरुवातीला उघडतात, डेटाबेसला हात लावणारं पान मात्र नुसतं फिरत राहतं, आणि मग सगळंच जातं. रिस्टार्ट केलं की थोडा वेळ बरं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने मायएसक्यूएलची कनेक्शनची मर्यादा १५१ वरून ५०० केली, तेव्हापासून दुखणं वाढलं. आता विचारतो, ‘अपाचीच खराब आहे का? एनजिनएक्स (दुसरा वेब सर्व्हर) टाकू का?’

भाऊ, थांबा. उगं बैल बदलून नांगर चालत नसतो. ‘सर्व्हर पडला’ हे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन वेगळी दुखणी असतात. एक, प्रोग्राम स्वतःच्या चुकीने कोसळला. दोन, रॅम संपली म्हणून कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याला मारला. तीन, कुणीच मेलेलं नाही, सगळे जिवंत आहेत, पण एकमेकांची वाट बघत उभे आहेत. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, औषध मात्र तिन्हींचं वेगळं. आणि रिस्टार्ट मारला की कोण कशाची वाट बघत होतं हे सांगणारा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसता.

म्हणून उद्या बारा वाजता दोन मिनिटं कळ काढा. फोन वाजू द्या. अडत्यांच्या शिव्या मीही खाल्ल्यात, त्याने काही होत नाही. त्या दोन मिनिटांत तीन ठिकाणी बघायचं.

पहिलं, अपाचीचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही. त्यात ‘चाइल्ड पीआयडी अमुक, एक्झिट सिग्नल, सेगमेंटेशन फॉल्ट’ आणि कंसात ११ असं दिसलं तर पहिलं दुखणं. ‘सर्व्हर रीच्ड मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ अशी ओळ दिसली तर तिसरं दुखणं. दुसरं ठिकाण, कर्नलचा लॉग. तिथे ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे मायएसक्यूएलडी किंवा अपाचीचं नाव असेल तर दुसरं दुखणं. मारणाऱ्याने सहीच करून ठेवलेली असते. तिसरं ठिकाण, मायएसक्यूएलमध्ये शिरून ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’. आत्ता या क्षणाला कोणती क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) किती सेकंद चालू आहे, ते तिथे उघडं पडतं.

पण या तिसऱ्या ठिकाणी शिरता आलं पाहिजे ना! मायएसक्यूएल मर्यादेच्या वर एक कनेक्शन ॲडमिनसाठी राखून ठेवतं, म्हणजे १५१ भरली तरी मालकाला आत यायला फट असते. तुमची साईटच रूट युजरने लॉगिन करत असेल, तर ती राखीव खुर्चीसुद्धा साईटच बळकावते आणि तुम्ही दारात उभे राहता. जिल्ह्याजिल्ह्यांत मी बघितलेल्या साईटींत ही चूक इतक्या वेळा दिसली की आता मी पहिल्यांदा तेच तपासतो. साईटला वेगळा, कमी अधिकारांचा युजर द्या. हे आजच करा.

आता तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज सांगतो. तुमचं दुखणं तिसऱ्यापासून सुरू होतं आणि दुसऱ्यावर संपतं. अपाचीचा यात दोष नाही.

मोंढ्यातला वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनची आवक जोरात आहे. एक ट्रॅक्टर काट्यावरून उतरायला अर्धं मिनिट लागतं तोवर रांग दिसतच नाही. काटा अडला, एका ट्रॅक्टरला दहा मिनिटं लागायला लागली, की तेवढेच ट्रॅक्टर असूनही रांग फाटकाबाहेर, हमरस्त्यावर. अशा वेळी कुणी म्हणालं, ‘मोंढ्याचं फाटक रुंद करा,’ तर? रांग आत येईल, एवढंच. काटा तसाच.

हेच आकड्यात बघा. सेकंदाला २० लोक पान उघडतात आणि क्वेरीला ०.०५ सेकंद लागतो, तर एका वेळी सरासरी एकच कनेक्शन कामात असतं. क्वेरीला ३ सेकंद लागायला लागले, की तेवढ्याच लोकांसाठी ६० कनेक्शन लागतात. माणसं वाढलीच नाहीत, तरी गर्दी साठपट. त्यात पान उघडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात. ब्राउझरने तोंड फिरवलं तरी पीएचपीला ते लगेच कळत नाही. परत काही पाठवायला जाईपर्यंत ते जुन्या क्वेरीचीच वाट बघत बसतं. म्हणजे एका शेतकऱ्याने पाच वेळा रिफ्रेश केलं, तर पाच ट्रॅक्टर रांगेत.

मर्यादा ५०० केल्यावर बिघडलं का, तेही यातच आहे. प्रीफोर्क पद्धतीच्या (एका वेळी एका विनंतीला एक वेगळी प्रोसेस देणाऱ्या) अपाचीत एका वेळच्या कामगार प्रोसेसची मर्यादा मुळात २५६ असते. १५१ कनेक्शन भरली की १५२ व्याला मायएसक्यूएल तोंडावर सांगत होतं, ‘टू मेनी कनेक्शन्स’, एरर १०४०. पान बिघडायचं, पण तो कामगार लगेच मोकळा व्हायचा. तो धुडकावणारा नियम वाईट दिसत होता, तरी तोच तुमच्या मशीनवरचा भार थोडा तरी रोखत होता. ५०० केल्यावर कुणालाच नकार नाही. मग २५६ च्या २५६ कामगार आत घुसून बसले. पीएचपी पोटात घेतलेला एक कामगार, सामायिक हिस्सा वजा करून, ५० एमबी धरा. २५६ गुणिले ५० म्हणजे १२,८०० एमबी. तुमच्याकडे आहे ४ जीबी, त्यातूनच मायएसक्यूएललाही जेवायचं आहे. रॅम संपली की कर्नल बहुधा सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्याला आधी मारतो, आणि तो असतो बिचारा मायएसक्यूएल. तो पुन्हा उठतो, अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरतो, रिकाम्या कॅशने (रॅममध्ये हाताशी ठेवलेल्या डेटाशिवाय) कामाला लागतो, तोवर दारात तीच गर्दी. पुन्हा मरतो.

तेव्हा आकडे वाढवायचे नाहीत, घटवायचे. मायएसक्यूएलला १ जीबी, सिस्टिमला अर्धा जीबी ठेवला तर उरतात अडीच. त्याला ५० एमबीने भागलं की ५०. आपण ४० धरू. अपाचीची कामगार मर्यादा ४० करा, मायएसक्यूएलची कनेक्शन ६० पुरेत. बाकीचे लोक ऑपरेटिंग सिस्टिमच्या रांगेत थोडा वेळ थांबतील, आणि त्या रांगेतला माणूस रॅम जवळपास खात नाही. २ जीबी स्वॅपही (रॅमला पुरवणी म्हणून डिस्कवर राखलेली जागा) करून ठेवा; त्याने वेग येत नाही, पण अचानक मरण टळतं. जाता जाता, कुठूनतरी उचललेल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सॉर्ट बफर (ओळींचा क्रम लावायला घेतलेली रॅम) मेगाबाइटमध्ये फुगवलेला असेल तर मुळावर, २५६ केबीवर, आणा. तो बफर सगळ्यांचा मिळून एक नसतो, सॉर्ट करणारं प्रत्येक कनेक्शन आपला वेगळा घेतं.

याने मशीन मरायचं थांबेल. पण काटा अजून अडलेलाच आहे.

प्रोसेसलिस्टमध्ये ज्या क्वेरीचे सेकंद जास्त, तिच्यापुढे ‘एक्सप्लेन’ लावून चालवा. ‘टाइप’च्या खाली ‘ऑल’ आणि ‘रोज’च्या (rows, म्हणजे ओळी) खाली लाखाचा आकडा आला, तर एका दिवसाचा भाव काढायला मायएसक्यूएल तुमची सगळी वही पहिल्या पानापासून चाळतंय. तारीख आणि शेतमाल या दोन्ही कॉलमवर मिळून एक इंडेक्स, म्हणजे वहीची अनुक्रमणिका, पाहिजे. इंडेक्स आहे तरी वापरला जात नाही, असं असेल तर दोन गोष्टी तपासा, कारण बहुतेकदा यातलीच एक निघते. पहिली, कॉलमलाच डेट फंक्शनमध्ये गुंडाळून तुलना केलेली असते. तसं केलं की इंडेक्स तिथे पडून राहतो. कॉलम मोकळा ठेवा आणि ‘आजच्या सुरुवातीपासून उद्याच्या सुरुवातीच्या आधीपर्यंत’ असं लिहा. दुसरी जास्त छुपी आहे: मोबाइल नंबर अक्षरांच्या कॉलममध्ये साठवायचा आणि शोधताना अवतरणचिन्हाशिवाय नुसता आकडा द्यायचा. उत्तर बरोबर येतं म्हणून कुणाला शंका येत नाही, पण प्रत्येक ओळीचं अक्षरातून आकड्यात रूपांतर होतं आणि इंडेक्स निकामी. दहा हजार ओळींपर्यंत कळतसुद्धा नाही. पुढच्या हंगामात कळतं.

स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी त्याची कसोटी १० सेकंदांची असते. ती १ सेकंदावर आणा.

साईटच्या तळाशी ‘आत्तापर्यंत इतक्या जणांनी पाहिलं’ असा आकडा आहे का? आपल्याकडे त्याची फार हौस. प्रत्येक पान उघडताना त्याच एका ओळीत एक मिळवायचा, म्हणजे नुसतं वाचायला आलेल्या प्रत्येकाला लिहायला बसवायचं. त्या ओळीचं कुलूप एका वेळी एकाकडे. तो अपडेट सावकाश क्वेरीसोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण होणाऱ्या व्यवहारात) असेल तर बाकीचे सगळे बाहेर उभे, आणि इनोडीबी (मायएसक्यूएलची आताची साठवण पद्धत) अशा थांबलेल्याला मुळात ५० सेकंद थांबू देतं. टेबल जुन्या मायआयसॅम पद्धतीचं असेल तर कुलूप ओळीला नाही, अख्ख्या टेबलाला. आकडा काढून टाका. खूपच आग्रह असेल तर अपाचीच्या ॲक्सेस लॉगवरून रात्री मोजा.

‘बारालाच का?’ याचं कारण गर्दी हे खरं, तरी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) एकदा नजर टाका. एकदा एका क्लासच्या साईटीपायी मी दोन दिवस घालवले. भर दुपारी सगळ्या क्वेऱ्या कुलपासाठी थांबायच्या. शेवटी निघालं काय, तर मीच लावलेला बॅकअप. मध्यरात्र म्हणून क्रॉनमध्ये तास १२ लिहिला होता. क्रॉनला १२ म्हणजे दुपार, मध्यरात्र म्हणजे ०. आणि मायएसक्यूएलडंप वेगळं सांगितलं नाही तर टेबलांना कुलूप लावून बॅकअप घेतो. इनोडीबीसाठी ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’चा पर्याय द्यावा लागतो. क्लासवाल्यांनी माझ्याकडून दोन दिवसांचे पैसे कापले नाहीत, हे त्यांचं मोठं मन.

‘पीएचपीला ३० सेकंदांची मर्यादा आहे, मग पान मिनिटामिनिटाने का लटकतं?’ असं तुम्ही विचाराल. लिनक्सवर ते ३० सेकंद फक्त स्क्रिप्ट स्वतः राबते त्याचे. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरतच नाहीत. म्हणून ती मर्यादा इथे कामाची नाही. मर्यादा डेटाबेसच्या बाजूला घाला. मायएसक्यूएल ५.७.८ पासून पुढे सिलेक्ट (नुसत्या वाचणाऱ्या) क्वेरीसाठी मॅक्स एक्झिक्युशन टाइम मिलिसेकंदांत देता येतो, ५००० द्या. मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊबंद) असेल तर त्याचं नाव मॅक्स स्टेटमेंट टाइम आणि माप सेकंदांचं. माप चुकवू नका. मारियाडीबीत ५००० लिहिलं तर सव्वा तासाहून जास्त होतं.

कोडमध्ये पर्सिस्टंट (पान संपलं तरी न तुटणारं) कनेक्शन असेल तर तेही काढा. प्रत्येक अपाची कामगार एकेक कनेक्शन मुठीत धरून बसतो, काम असो नसो. प्रोसेसलिस्टमध्ये ‘स्लीप’च्या ओळींची रांग दिसली तर हेच समजा. असं झोपलेलं कनेक्शन मायएसक्यूएल मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, तोडत नाही. एकाच मशीनवर सगळं असताना नवं कनेक्शन उघडायला लागणारा वेळ नगण्य असतो, त्यासाठी हा उपद्व्याप कशाला?

आता समजा माझा अंदाज चुकला आणि लॉगमध्ये सिग्नल ११, म्हणजे पहिलं दुखणं, निघाला. मग वरचं बरंच विसरा, ते दुखणं वेगळ्या जातीचं. त्यात गर्दीचा संबंध बहुधा नसतो. एकटा माणूस रात्री तीन वाजता पान उघडेल तरी तो कामगार कोसळेल. पूर्वी एकदा मी असं तीन रात्री भोगलंय. साधी पानं झकास, स्क्रिप्टने डेटाबेसला जोडणी मागितली की कामगार मेला. पीएचपी हाताने कंपाइल केलेलं, मायएसक्यूएलच्या नव्या लायब्ररीवर (तयार फंक्शनांच्या संचावर). आणि अपाचीत पासवर्ड तपासणारं एक मॉड्यूल होतं, तेही मायएसक्यूएलशीच बोलणारं, पण जुन्या लायब्ररीवर. एकाच प्रोसेसच्या पोटात एकाच नावाच्या फंक्शनच्या दोन पिढ्या. पीएचपी हाक मारायचं एकीला, ओ द्यायची दुसरी, आणि तिच्या मेमरीचा आराखडा वेगळा. कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची नक्कल) काढून जीडीबीत (चुका शोधायच्या प्रोग्रामात) बॅकट्रेस (शेवटच्या हाकांची यादी) बघितला तेव्हा जुन्या लायब्ररीचा पत्ता दिसला. नंतर सगळं डिस्ट्रिब्युशनच्या एकाच भांडारातून घेतलं, दुखणं गेलं. पीएचपी ५.४ पासून मायएसक्यूएलएनडी हा स्वतःचाच ड्रायव्हर मूळ पर्याय म्हणून येतो, त्यामुळे हा प्रकार आता पुष्कळ कमी झालाय. तरी वेगवेगळ्या भांडारांतून मॉड्यूलं उचलून आणणाऱ्यांना अजून भेटतो. अशा वेळी एकेक एक्स्टेंशन (पीएचपीला जोडलेलं मॉड्यूल) बंद करत जायचं आणि प्रत्येक वेळी तेच पान उघडून बघायचं. कंटाळवाणं आहे, पण सापडतं.

विंडोजवर झॅम्प (अपाची, पीएचपी, डेटाबेस एकत्र बसवून देणारं पॅकेज) चालवणाऱ्यांसाठी थोडं, कारण तालुक्याच्या गावी ऑफिसातल्या कोपऱ्यातला ‘सर्व्हर’ बहुधा तोच असतो. तिथे सगळे लोक एकाच प्रोसेसच्या वेगवेगळ्या थ्रेडमध्ये (एकाच पोटातल्या धाग्यांत) असतात. लिनक्सवर एक कामगार मेला तर एकाचंच पान जातं. विंडोजवर एकाच्या चुकीने सगळ्यांची पंगत उठते. लॉगमध्ये ‘एक्झिटेड विथ स्टेटस ३२२१२२५४७७’ दिसलं तर ती मेमरीची चुकीची पकड, म्हणजे आपला सिग्नल ११ च. शेवटी ७२५ असेल तर स्टॅक (फंक्शनांच्या कामाची मेमरी) संपला. सिस्टिम फोल्डरमध्ये जुन्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरने टाकलेली लिबमायएसक्यूएल डीएलएल आहे का ते आधी शोधा.

आणि ऑफिसातलं मशीन असेल तर लाइट. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. इनोडीबी असा झटका बहुधा पचवतं. मायआयसॅमचं टेबल मात्र ‘क्रॅश्ड’ म्हणून पडतं आणि त्यावर येणारी प्रत्येक स्क्रिप्ट एरर देते. रिपेअर चालवून नंतर टेबल इनोडीबीत बदला. परभणी-नांदेडचा मे महिना असेल तर खोलीचा पंखाही बघा, हे मी चेष्टेने म्हणत नाही.

डिस्क किती मोकळी आहे तेही बघून घ्या. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद) आपोआप चालू असतो आणि ३० दिवस साठतो. छोट्या डिस्कवर तो गुपचूप जागा खातो, आणि डिस्क भरली की मायएसक्यूएल मरत नाही, जागा होण्याची वाट बघत थांबतं. म्हणजे पुन्हा काटा अडला, पुन्हा फाटकाबाहेर रांग. दुसरा सर्व्हर जोडलेला नसेल तर मुदत तीन दिवसांवर आणा.

एनजिनएक्सचं विचारलंत. टाका हवं तर, चांगला आहे. पण मागे तीच क्वेरी असेल तर फिरणाऱ्या पानाऐवजी ५०४ (मागून उत्तर वेळेत आलं नाही हा एरर) दिसेल, दुसरा फरक पडणार नाही.

तुमच्या साईटीला यातलं निम्मं लागणारसुद्धा नाही, असं मला वाटतं. भाव दिवसातून किती वेळा बदलतो? सौदा निघाला की एकदा, फार तर दोनदा. मग हजारो लोकांसाठी तोच भाव हजारो वेळा डेटाबेसमधून कशाला उपसायचा? अडत्या भाव भरून ‘जतन करा’ दाबेल त्याच वेळी स्क्रिप्टने एक साधं एचटीएमएल पान लिहून ठेवायचं. आधी दुसऱ्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झालं की नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट पान कुणाला दिसत नाही. लोक तेच पान उघडतील, डेटाबेसला कुणी हात लावणार नाही. तुमची ‘संपर्क’ची पानं उघडतात ना, तशीच भावाचीही उघडतील. मागच्या महिन्यांचे भाव शोधणारे थोडे असतात, त्यांच्यासाठी इंडेक्स लावलेली क्वेरी राहू द्या.

आज रात्री कामगार ४०, कनेक्शन ६० आणि साईटचा वेगळा युजर, एवढं करा. उद्या बाराला प्रोसेसलिस्ट, कर्नलचा लॉग आणि अपाचीच्या एरर लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी कॉपी करून ठेवा, आणि मग खुशाल रिस्टार्ट मारा. त्या तीन गोष्टी माझ्याकडे धाडा. पासवर्ड तेवढे खोडून.